तुरुंगातल्या उवांसाठी भुकटी, गरम कपाट आणि वाफेचं पिंप: वापरून पाहिल्यावरचा अभिप्राय

तुरुंगाच्या दवाखान्याचं औषधभांडार माझ्या ताब्यात आहे. माल मागवायचा, मोजून घ्यायचा, संपत आला की आधी तोंडी ओरडायचं आणि मग पत्र लिहायचं, हे माझं काम. थंडीत बराकींमध्ये कपड्यांतल्या उवांनी थैमान घातलं तेव्हा एकेक करून तीन गोष्टी आमच्याकडे आल्या: बाहेरून बोलावलेला फवारणीवाला, परमेथ्रिन या कीटकनाशकाची भुकटी तिच्या हातपंपासकट, आणि कपडे तापवायचं विजेचं कपाट. चौथी गोष्ट आम्हीच जुळवली. कंपन्यांची नावं लिहीत नाही. एकाच नमुन्याचा माल अनेक जण बनवतात, आणि फवारणीवाल्याची फुकट जाहिरात करायची मला हौस नाही.

फवारणीवाल्याचा निकाल लवकर लागतो, म्हणून आधी तोच. पाठीवर टाकी, तोंडाला मास्क. भिंती, कोपरे, संडासाच्या मोऱ्या, सगळं ओलं करून गेला आणि जाताना शिक्का मारलेलं प्रमाणपत्र देऊन गेला. बराक रिकामी हवी म्हणून बंद्यांना तेवढा वेळ अंगणात बसवलं होतं, अंगावरच्या कपड्यांनिशी आणि काखेत कांबळ्यांच्या वळकट्या घेऊन. म्हणजे उवाही फवारणीपुरत्या बाहेर जाऊन बसल्या आणि वास ओसरल्यावर माणसांबरोबर परत आत आल्या. ढेकूण भिंतीच्या फटीत राहतो, त्याला हा उपाय ठीक. ही ऊ भिंतीत राहतच नाही. ती कपड्याच्या शिवणीत राहते, दिवसातून चार-पाच वेळा अंगावर येऊन रक्त पिते आणि पुन्हा शिवणीत शिरते. माणसापासून तुटली तर साधारण आठवडाभरात उपाशी मरते. एवढं साधं गणित त्या माणसाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून त्याने बिल लावलं, देव जाणे. झुरळं मात्र खरंच कमी झाली. एक तारा देते, तो झुरळांचा.

तसं पाहिलं तर भलत्याच शत्रूवर पैसे घालायची तुरुंगांची खोड जुनी आहे. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातल्या कैद्यांबरोबर ‘जेल फीवर’ शिरला. हा म्हणजे टायफस, कपड्यांतल्या उवांमुळे पसरणारा ताप. टायफॉईडशी त्याचं काही नातं नाही. लॉर्ड मेयर आणि न्यायाधीश धरून चाळीसहून जास्त माणसं गेली. १५७७ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयातही असंच घडलं होतं. दोष दुर्गंधीला दिला गेला. न्यायाधीशांसमोर सुगंधी वनस्पतींच्या जुड्या ठेवायची पद्धत पडली, आणि १७५२ मध्ये न्यूगेटच्या छपरावर स्टीफन हेल्स यांनी आखलेलं, पवनचक्कीवर चालणारं हवा खेचायचं यंत्र बसवलं. ते बसवणाऱ्या कामगारांतलेच काही जण त्याच तापाने आडवे झाले. खेळती हवा कुणाला नको आहे? पण कैद्यांचे कपडे तेच होते.

उवेवर नेमकं बोट ठेवलं ते फ्रेंच डॉक्टर शार्ल निकोल यांनी, १९०९ मध्ये, ट्युनिसला. दवाखान्यात रुग्णाला दाखल करून घेणारे, त्याचे कपडे उतरवणारे आणि ते धुणारे कर्मचारी टायफसने पडत होते. आत वॉर्डात, अंघोळ होऊन स्वच्छ कपड्यांत झोपलेल्या त्याच रुग्णाची सेवा करणाऱ्यांना मात्र काही होत नव्हतं. जे काही होतं ते कपड्यांबरोबर दारातच राहत होतं. या कामासाठी त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. मी कुठलंही उवानाशक साधन घेताना दोनच गोष्टी बघते: ते शिवणीपर्यंत पोचतं का, आणि कपडे हाताळणाऱ्या माणसाला वाचवतं का. माहितीपत्रकावरचं बाकी सगळं नंतर.

आता भुकटी. ०.५ टक्के परमेथ्रिन, टाल्कसारखी पांढरी, फारसा वास नाही. हिची सगळ्यात मोठी जमेची बाजू पाकिटावर लिहिलेलीच नाही: माणसाचे कपडे न उतरवता ती मारता येते. हे महत्त्वाचं का, ते सांगते. टायफसचा जंतू उवेच्या चाव्यातून अंगात जात नाही. तो तिच्या विष्ठेत असतो. चावल्यावर खाज सुटते, माणूस खाजवतो, आणि ती घाण ओरखड्यातून आत जाते. वाळली की तिची धूळ होते, ती श्वासातूनही जाते, आणि त्या धुळीतला जंतू कित्येक आठवडे तग धरतो. म्हणजे उवांनी भरलेला सदरा काढून झटकणं हे या सगळ्यातलं सर्वांत धोक्याचं काम. आणि आपल्याला सवय कसली, तर कपडा काढला की आधी झटकायचा! ज्या संशोधकाच्या नावावरून या जंतूला नाव मिळालं, ते स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक, १९१५ मध्ये जर्मनीतल्या कॉटबुसच्या युद्धकैद्यांच्या छावणीत हाच आजार अभ्यासता अभ्यासता त्यानेच गेले. म्हणून आधी अंगावरच्या कपड्यांत भुकटी, उवा मेल्या की मग कपडे उतरवणं. हा क्रम उलटा करायला सांगणारा कुणीही असो, त्याचं ऐकू नका.

पंप साधा आहे. पत्र्याचा डबा, मागे दट्ट्या, पुढे बोटभर लांब नळी. नळी गळ्यातून पुढून आणि मागून आत घालायची, मग दोन्ही बाह्यांतून, मग कमरेच्या नेफ्यातून पुढे-मागे, प्रत्येक ठिकाणी दट्ट्याचे दोन-तीन दाब. शेवटी कपड्यांवरून हात फिरवून भुकटी शिवणीत बसवायची. टोपी आणि कांबळं विसरायचं नाही. सरावलेला माणूस एकेकाला मिनिटभरात मोकळं करतो. आमच्याकडे हे काम शिकवलेले बंदीच करतात. मास्क आणि हातमोजे त्यांना सक्तीचे, कारण दिवसभर त्या ढगात उभं राहायचं असतं.

माप असं आहे की माणशी ३० ते ५० ग्रॅम भुकटी लागते. म्हणजे २०० जणांच्या बराकीला किमान ६ किलो, अंथरुणं धरून १० किलो हाताशी हवी. आणि कंपनीने माल पाठवला १०० ग्रॅमच्या पुड्यांत! चकचकीत पुड्या, कोपरा कापून पंपात ओतायच्या, निम्मी बाहेर सांडायची. घरगुती गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून भरलेला माल आहे हा. तुरुंगासाठी, छावणीसाठी घेणार असाल तर पाच किंवा दहा किलोचा झाकणाचा डबाच मागा. दुसरी तक्रार अशी की दमट हवेत भुकटीचे खडे होतात आणि नळी तुंबते. आम्ही चाळून घेतो. चाळणी संचात नाही.

आता परिणाम. मी माहितीपत्रकावर विश्वास ठेवत नाही, कारण उवा औषधाला सरावतात हे जुनं दुखणं आहे. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्समध्ये टायफसची साथ डीडीटीची भुकटी मारून आटोक्यात आणली, दहा लाखांहून जास्त लोकांच्या कपड्यांत ती फुंकली गेली, आणि सगळ्यांना वाटलं संपला प्रश्न. सातेक वर्षांतच कोरियन युद्धात डीडीटीला न जुमानणाऱ्या उवा सापडल्या. परमेथ्रिनलाही दाद न देणाऱ्या उवांची नोंद झालेली आहे. म्हणून प्रत्येक नवा डबा आला की मी दोन झाकणाच्या काचेच्या बश्या घेते. दोन्हींत कापडाचा तुकडा, एकावर भुकटी, दुसरा कोरा, आणि दोन्हींवर चिमट्याने उचललेल्या जिवंत उवा. तिळाएवढी ऊ, राखाडी, रक्त प्यायलेली असेल तर पोटात काळसर लाल ठिपका. भुकटीवरची ऊ थोड्या वेळाने वाकडीतिकडी चालायला लागते, मग उताणी पडून नुसते पाय हलवते, मग तेही थांबतं. कोऱ्या तुकड्यावरच्या शिवणीत जाऊन बसलेल्या असतात. हा फरक दिसला तर डबा बराकीत जातो. नाही दिसला तर पुरवठादाराला फोन. आमच्या मालाने ही परीक्षा पास केली.

लिखांवर मात्र भुकटीचा भरवसा धरू नका. लिखा आठवडा-दीड आठवड्यात फुटतात, आणि कपड्यांत टिकून राहिलेली भुकटी तेव्हा बाहेर पडणाऱ्या पिल्लांना मारते. यात एक गंमत झाली. भुकटी मारल्याच्या दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची पाहणी होती. पांढरे डाग दिसतात, बरं दिसत नाही, म्हणून सगळ्यांना कपडे धुवायचा हुकूम सुटला. गार पाण्यात साबण लावून धुतलं की भुकटी जाते आणि लिखा जागच्या जागी राहतात. मी जेलरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, “साहेब, धुवायचेच असतील तर उकळतं पाणी द्या, नाहीतर तो पांढरा डाग राहू द्या.” उकळतं पाणी एवढ्या माणसांना पुरणार नव्हतं. डाग राहिले.

डोकी भादरण्याचाही हट्ट कुणीतरी धरलाच. ही ऊ डोक्यात राहत नाही हो! डोक्यातली वेगळी. भादरून फक्त माणसाचा अपमान होतो आणि न्हाव्याचा दिवस जातो. उलट भुकटीच्या रांगेत कुणाला उघडं व्हावं लागत नाही, आणि म्हणून लोक कुरकूर न करता रांगेत आले. माझ्या हिशोबी हा गुण औषधाच्या ताकदीइतकाच मोलाचा आहे. रांगेतून दहा जण जरी लपून राहिले तरी त्यांच्या शिवणीतून रात्रीत सगळी बराक पुन्हा भरते, कारण माणसं खांद्याला खांदा लावून झोपलेली असतात. शिवाय तापाने फणफणलेलं अंग उवेला सोसत नाही. ती शेजाऱ्याकडे जाते. आजारी माणसाकडून निरोग्याकडे जायला तिला वीतभर अंतर पुरतं, आणि गच्च भरलेल्या बराकीत तेवढंही नसतं. म्हणून अर्धी बराक आज, अर्धी पुढच्या आठवड्यात, असं केलं तर माल वाया गेला म्हणून समजा.

कपडे-कोठीत एक बंदी आहे, बाहेर शिंप्याचं काम करायचा. उवा कुठे शोधायच्या ते मला पुस्तकापेक्षा त्याने नीट दाखवलं. सदरा उलटा केला, काखेतली शिवण दोन अंगठ्यांनी ताणली आणि म्हणाला, “मॅडम, सरळ शिवणीत बघू नका. जिथं दोन शिवणी भेटतात तिथं बघा, तिथं दोरा जाड असतो.” खरंच, त्या गाठीत लिखांची माळच होती. पण नंतर त्याने ऊ धरून नखांत चिरडली तेव्हा मी ओरडले. बराकीत संध्याकाळी हाच उद्योग चालतो, टच्च आवाज आला की समाधान. उलटून येणारा ताप, म्हणजे बोरेलिया रिकरेंटिस या जंतूचा, नेमका याच वाटेने येतो. त्याचा जंतू उवेच्या अंगातल्या रसात असतो. ती चिरडली की तो बाहेर येतो आणि नखाजवळच्या चिरेतून किंवा खाजवलेल्या जागेतून आत जातो. आमच्याकडे काहींना असाच ताप येऊन उतरला होता आणि आठवड्याने परत आला. डॉक्टरांनी भर तापात घेतलेल्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावून मला बघायला बोलावलं. तांबड्या पेशींच्या मध्ये बारीक, नागमोडी दोरे. तेव्हापासून शिंप्याच्या हातात चिमटा आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी असते.

भुकटीला पाचपैकी चार. एक तारा पुड्यांनी खाल्ला.

विजेच्या कपाटाबद्दल मी फार आशेने लिहिणार होते. दिसायला देखणं, आत दांड्या, बाहेर तापमानाचा आकडा. तत्त्वही पक्कं आहे: ५४ अंशांच्या वरची उष्णता काही मिनिटं मिळाली की उवा आणि लिखा दोन्ही मरतात, म्हणजे भुकटीत जे कमी आहे ते इथे भरून निघतं. फक्त ती उष्णता कपड्याच्या घडीत आतपर्यंत पोचायला हवी. बाहेर आकडा ७० दाखवत होता तेव्हा मी गाठोड्याच्या मधोमध ठेवलेला तापमापक काढून पाहिला, तर तिथे नुसती ऊब. त्या उबेत ऊ मरत तर नाहीच, सुखाने राहते. कपडे सुटे टांगले, मध्ये बोटभर जागा ठेवली, तर काम चोख होतं. पण मग एका वेळी जेमतेम वीस-पंचवीस जणांचे कपडे मावतात. कांबळी घातली तर त्याहून कमी. सगळी बराक एका दिवसात उरकायची हे जमायला अशी पाच-सहा कपाटं हवीत, आणि तेवढा विजेचा भार आमच्या जुन्या तारा घेत नाहीत. शिवाय कपडे आत असताना माणसाने घालायचं काय? जोडीचे दुसरे कपडे भांडारात असतील तरच कपाटाला अर्थ. विकणारा हे विचारत नाही. त्याने विचारायला हवं. नव्याने दाखल होणाऱ्या बंद्यांसाठी, रोजच्या पाच-दहा जणांसाठी, कपाट उत्तम आहे, आणि आम्ही आता ते दाखल-खोलीच्या दारातच ठेवलंय. साथीसाठी घेत असाल तर अडीच तारे.

चौथी गोष्ट म्हणजे पिंप. ही कल्पना आमची नाही. १९१५ मध्ये सर्बियात टायफसने सैन्य, गावं आणि तिथले ऑस्ट्रियन युद्धकैदी हजारोंनी मरत होते, तेव्हा मदतीला गेलेल्या ब्रिटिश वैद्यकीय पथकाने लाकडी पिंपाच्या तळाला भोकं पाडली, ते उकळत्या पाण्याच्या कढईवर बसवलं, आत कपडे आणि वर घट्ट झाकण. खालून वाफ वर चढते आणि शिवणीशिवणीतून जाते. आम्ही पत्र्याचं पिंप वापरलं. तळाला भोकं, आतून लाकडी जाळी, म्हणजे कपडा गरम पत्र्याला चिकटून जळत नाही. कढई आणि पिंप यांच्यामधल्या फटीला ओल्या गोणपाटाची वळी. झाकणाच्या कडेने वाफ जोरात बाहेर यायला लागली की तिथून अर्धा तास मोजायचा, आधीचा वेळ धरायचा नाही. घडीच्या मध्यभागी तापमापक ठेवून पाहिला, तिथेही पुरेशी उष्णता होती. कोरडी गरम हवा जिथे अडते तिथे वाफ शिरते. वीज लागत नाही, दुरुस्तीला कुणाला बोलवावं लागत नाही, आणि तीन पिंपं एकदम चालवली की बराक संध्याकाळच्या मोजणीच्या आत उरकते. तोटे आहेत. चामड्याचे पट्टे आणि चपला आत घालायच्या नाहीत, आकसतात. लोकरी कपडा आटतो. कपडे ओलसर निघतात, म्हणून ऊन नसलेल्या दिवशी करू नये. भाजण्याचा धोका आहे, लांब दांड्याचा आकडा आणि जाड हातमोजे हवेतच.

औषधांचं थोडक्यात, कारण ते डॉक्टरांचं क्षेत्र. टायफसला डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची २०० मिलिग्रॅमची एक मात्रा साथीत पुरते, आणि औषध न मिळालेल्यांत शंभरातले १० ते ४० मरू शकतात. उलटून येणाऱ्या तापातही पहिल्या मात्रेने काम होतं, पण मात्रेनंतर काही तासांत थंडी वाजून ताप एकदम चढतो, रक्तदाब घसरतो. तेव्हा रुग्णाला गोळी देऊन बराकीत परत पाठवू नये, दवाखान्यात आडवं ठेवावं, सलाईन तयार ठेवावं. आयव्हरमेक्टिनच्या, म्हणजे परजीवींवरच्या, गोळ्या सगळ्यांना वाटून टाका असं सुचवणारे भेटतात. त्याने उवा काही दिवस कमी होतात, आणि कपडे तेच राहिले की पुन्हा होतात.

साठा थंडीच्या आधी करा. आफ्रिकेतल्या बुरुंडीत १९९५ मध्ये न्गोझीच्या तुरुंगात टायफस निघाला होता, आणि १९९७ पर्यंत तो विस्थापितांच्या छावण्यांत हजारोंना झाला. भिंतींच्या आत सुरू झालेलं सुटलेल्या बंद्यांबरोबर, पहारेकऱ्यांच्या गणवेशांबरोबर बाहेर जातं, त्यामुळे खरेदीच्या पत्रावर “फक्त कैद्यांसाठी एवढा खर्च?” असा शेरा मारून ते परत पाठवणाऱ्या साहेबांच्या गणवेशालाही शिवणी आहेत हे मी पुढच्या पत्रात लिहिलं. मंजुरी आली.

तर खरेदीची यादी: भुकटी मोठ्या डब्यांत, माणशी ५० ग्रॅम धरून आणि वर एका फेरीची शिल्लक, प्रत्येक पन्नास माणसांमागे एक पंप, पिंपं गरजेप्रमाणे, आणि बंद्यांसाठी कपड्यांचा दुसरा जोड, त्याशिवाय पिंप आणि कपाट दोन्ही लंगडे. पंप मागवताना दट्ट्याचं चामडी वायसर जास्तीचं मागा. आमचं पहिलं भर कामात फाटलं, आणि ते सुटं विकत मिळत नाही.